अज्ञात वाहन

आज सकाळी मी लाल दिवा चुकीच्या सायकलीला बांधला.

दिल्लीत 'लाल दिवा' म्हटलं की माणसं वळून बघतात, म्हणून आधीच सांगतो, मी तेवढा मोठा साहेब नाही. केंद्र सरकारच्या एका कचेरीत सेक्शन ऑफिसर आहे, लक्ष्मीबाई नगरातल्या क्वार्टरमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहतो, आणि आमच्या घराण्यात आलेला एकमेव लाल दिवा बोराएवढा आहे. तो सायकलच्या सीटखाली रबरी पट्ट्याने अडकवायचा असतो. दोनदा लुकलुकतो, मग दम खातो, पुन्हा दोनदा लुकलुकतो. "बाबा, तू जिना चढतोस ना, तसाच आहे तो," असं माझी मुलगी सई म्हणते.

सई पंचवीस वर्षांची आहे. लोधी रोडवरच्या एका ऑफिसात नोकरी करते आणि सायकलने जाते. हिवाळा लागला की तो दिवा चार्जिंगला लावणं आणि सकाळी तिच्या सायकलीला बांधून ठेवणं ही कामं माझ्याकडे असतात. घरातली बाकीची सगळी महत्त्वाची कामं माझ्या बायकोकडे, मेधाकडे आहेत. ही दोन तिने माझ्याकडे का दिली, ते पुढे येईलच.

आज शनिवार. मला सुट्टी, सईला नाही. उठून बघतो तर खिडकीबाहेर काही नव्हतंच. समोरचा ब्लॉक नाही, कडुनिंब नाही, रात्रभर हॉर्न वाजवून लावलेल्या गाड्या नाहीत. डिसेंबरातलं दिल्लीचं धुकं पांढरं नसतं, धुतलेल्या फडक्याच्या पाण्यासारखं असतं, आणि त्याला जळक्या पाल्याचा वास येतो. मी चष्मा न लावता खाली उतरलो. जिन्याखाली दोन सायकली शेजारी शेजारी उभ्या होत्या. एकीला दिवा बांधला, तो लागतो का बघितलं, समाधानाने वर आलो आणि चहा घेतला. सव्वाआठला सई "चलो बाबा, बाय" म्हणत धडधडत उतरली. बाल्कनीतून ती दिसली नाहीच. फाटकापर्यंत घंटी ऐकू आली, मग धुक्याने तीही गिळली.

पाच मिनिटांनी खालून खोकला ऐकू आला. महतोजींचा. ते आमच्या ब्लॉकचे चौकीदार, वय माझ्याएवढंच, रात्रपाळी संपवून सायकलने घरी जातात, शहराच्या पार दक्षिण टोकाला. क्षणभर धुकं विरळ झालं, फाटकावरच्या बल्बखालून त्यांची सायकल गेली आणि तिच्यामागे एक लाल ठिपका चमकला.

"मेधा, बघ बघ," मी ओरडलो, "महतोजींनी लाइट लावला! तीन वर्षं सांगतोय मी त्यांना. शेवटी माणूस ऐकतो. सांगणारा चिकाटीचा पाहिजे."

मेधा कप घेऊन बाल्कनीत आली. चष्मा लावून आली. क्षणभर बघितलं तिने.

"अहो," ती म्हणाली, "दोनदा लुकलुकून दम खातोय तो."

सई धुक्यात होती आणि तिच्या पाठीमागे काहीही नव्हतं.

फोन लावला. वाजत राहिला. तो उचलणार नव्हतीच ती, कारण सायकलवर असताना फोन घ्यायचा नाही हा नियम मीच केलेला आहे. वहीच्या कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवलेला आहे, खाली माझी सही आहे. सरकारी माणसाचे नियम असे त्याच्याच पायात येतात. मग उरला तो नकाशा. सईचा फोन माझ्या फोनवर निळा ठिपका होऊन दिसतो. ठिपका हलतोय तोवर मुलगी आहे. घरापासून ऑफिसपर्यंत बावीस मिनिटं. मी सोफ्याच्या कडेवर बसून ठिपक्याकडे बघत राहिलो, आणि तीन वर्षांपूर्वीचा हिवाळा न बोलावता शेजारी येऊन बसला.

त्या हिवाळ्याची सुरुवात हिरव्या रंगाने झाली होती. आमच्या भागातल्या मोठ्या रस्त्याच्या कडेला सायकल ट्रॅक झाला. म्हणजे डांबराला हिरवा रंग दिला आणि त्यावर पांढरी सायकल काढली. उद्घाटनाला इथले पुढारी, ज्यांना सगळे नेताजी म्हणतात, ते आले, गळ्यात झेंडू, डोक्यावर हेल्मेट. ते सायकलवर बसले, दोन कार्यकर्त्यांनी सीट धरली, वीसेक पावलं गेले, फोटो झाला. मग सायकल टेम्पोत चढली, नेताजी गाडीत चढले, आणि त्यांच्यासोबत येऊन ट्रॅकवरच लावलेल्या गाड्या निघाल्या. पुढच्या आठवड्यात ट्रॅकवर शकरकंदीची, म्हणजे भाजलेल्या रताळ्यांची गाडी आली, मग भांडी विकणारा, मग लग्नाच्या मोसमात एक पांढरी घोडी दोन दिवस बांधलेली होती. सायकल मात्र कुणी चालवेना, कारण जागाच नव्हती.

सईला तेव्हा पहिली नोकरी लागली होती. पहिल्या पगाराआधीच तिने सायकल घेतली. मी खूश झालो, कारण मी पुण्याचा. कॉलेजात असताना सायकलला दिवा नाही म्हणून हवालदाराने माझी पकडली होती, दोन्ही चाकांतली हवा सोडली होती आणि मी ती ढकलत घरी आलो होतो. हा किस्सा मी शौर्यकथेसारखा सांगतो. "तेव्हा दिवा नसणं हा गुन्हा होता," मी सईला म्हणालो. ती म्हणाली, "आणि आता?" मी तिला दिवा आणून दिला. 

पण कौतुक फार टिकलं नाही. धुकं उतरलं, आणि मी वर्तमानपत्रातलं शहराचं पान वाचायला लागलो. आधी मी तिकडे फिरकत नसे. त्या पानावर खाली कोपऱ्यात चार ओळी असतात. पहाटे कामावर जाणारा सायकलस्वार, अज्ञात वाहनाची धडक, जागीच मृत्यू. सायकलस्वाराचं नाव कधी असतं, कधी नसतं, असलं तर बहुधा चुकलेलं असतं. वयाच्या पुढे 'अंदाजे' असतं. 'अज्ञात वाहन' मात्र नेहमी तेच. इतकं नेमाने भेटणारं ते वाहन कुणालाच कसं ओळखू येत नाही, याचं मला नवल वाटायचं. मेधाला दिसू नये म्हणून मी ते पान घडी करून रद्दीत सारायचो. एकदा लवकर जाग आली तेव्हा कळलं की ती मी उठायच्या आधी पेपर वाचून, पुन्हा नीट घडी घालून माझ्यासाठी ठेवत होती. दोघंही एकमेकांपासून एकच भीती लपवत होतो आणि सई घरी येईपर्यंत मटार सोलत बसत होतो. टोपल्याच्या टोपल्या मटार. त्या हिवाळ्याचा वास माझ्या नाकात धुराचा आणि हिरव्या मटारांचा असा मिळून बसलाय. अजूनही मटारांची शेंग फोडली की मी आधी घड्याळ बघतो.

ठिपका हलत होता. बाजार मागे टाकला होता त्याने.

तीन वर्षांपूर्वीच्या त्या सकाळी तो हलायचा थांबला. उड्डाणपुलाखाली जिथे रस्ता वळतो, तिथे. एक मिनिट, तीन मिनिटं. मग सईच्या नंबरावरून फोन आला आणि आवाज सईचा नव्हता.

"अंकल जी, घबराइएगा मत."

यापेक्षा घाबरवणारं वाक्य हिंदीत नाही. कोणीतरी भला माणूस होता. म्हणाला, गाडीचा आरसा लागला, बिटिया पडली, हाताला लागलंय, रिक्षात घालून हॉस्पिटलला नेतोय. गाडी थांबली नाही. "कोहरे में किसको दिखता है, अंकल जी."

मी आणि मेधा गाडीत बसलो. माझी जुनी छोटी गाडी, एरवी रविवारी भाजी आणायची. त्या दिवशी मी ती कशी चालवली ते मला आठवत नाही, असं मी सगळ्यांना सांगतो. आठवतं. काचेवर वाफ होती, मी ती बाहीने पुसत होतो, एका हाताने हॉर्न दाबत होतो. पुढे राखाडी भिंत, आणि त्या भिंतीतून अचानक एक पाठ आली. मफलर, कानटोपी, हँडलला लटकवलेला डबा. मी स्टिअरिंग ओढलं. डाव्या बाजूला 'टक्' असा आवाज झाला. बारीक. बांगडी ओट्याला लागावी तेवढाच.

"अहो..." मेधा म्हणाली.

"सई," मी म्हणालो.

आणि गाडी थांबवली नाही. मागच्या काचेत बघितलं, तिथे धुकंच होतं. हॉस्पिटलच्या फाटकाशी उतरताना बघितलं तर डावा आरसा आत वळलेला होता. मेधाने तो हाताने सरळ केला, ओढणीने पुसला आणि आत गेली. 

सईचं मनगट मोडलं होतं. बाकी खरचटलं होतं. डॉक्टर म्हणाले नशीबवान आहात. त्या आनंदात मी बाहेर आलो, तर समोर माइक. त्या आठवड्यात सायकल बातमीत होती. कुणा बड्या घरच्या, लाखभराच्या सायकलवाल्याला गाडीने उडवलं होतं, त्यामुळे चॅनेलवाले हॉस्पिटलांच्या फाटकांवर सायकल शोधत उभे होते. आमची सई त्यांना नेमकी हवी तशी मिळाली. हेल्मेट घातलेली, इंग्रजी बोलणारी.

"सर, आप क्या चाहते हैं?" माइकवाल्या मुलीने विचारलं.

इथे एक जुनी गोष्ट सांगायला हवी. सई पहिलीत असताना पुण्याला माझ्या आईला फोनवर म्हणाली होती, "आजी, आमच्या शाळेत ना खूप अच्छी शिक्षा देतात. रोज देतात." आईने तिथेच बसकण मारली. 'अरे, पोरीला मारतात का रे तिथे?' मराठीत शिक्षा म्हणजे दंड आणि हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, हे तिला समजावता समजावता माझी पुरेवाट झाली होती. तो किस्साही मी लग्नाकार्यांत रंगवून सांगतो. दिल्लीत निम्मी नोकरी झाली, माझी हिंदी चोख आहे, फायलींवर चालते. पण माणूस घाबरला की आपल्या भाषेत घाबरतो.

"शिक्षा होनी चाहिए!" मी कॅमेऱ्यात बघून गरजलो. "ऐसे लोगों को कड़ी से कड़ी शिक्षा होनी चाहिए!"

संध्याकाळी टीव्हीवर माझा चेहरा आणि खाली पट्टी: 'बेटी अस्पताल में, पिता बोले, सज़ा नहीं, शिक्षा चाहिए'. 'सज़ा नहीं' हे त्यांनी घरचं घातलं. मग चर्चा. आधी चार खिडक्या, मग सहा. एक जण म्हणाला, ट्रॅक आमच्या काळात झाला. दुसरा म्हणाला, तुमच्या काळात नुसता रंग झाला. तिसऱ्याने धुकं शेजारच्या राज्यावर ढकललं. एका बाईंनी विचारलं, इतक्या कोहऱ्यात मुलीने सायकल काढावीच कशाला? सगळे एका गोष्टीवर मात्र सहमत होते, की पित्याचं मन फार मोठं आहे. सई प्लास्टरातला हात उशीवर ठेवून बघत होती. हसू दाबताना तिला कळा येत होत्या. "बाबा, यार, तू तर संत निघालास!"

दुसऱ्या दिवशी मी चॅनेलला फोन केला, एकदा. कोणी उचलला नाही. पुन्हा केला नाही. लोक समजतात मला संकोच वाटला. खरं कारण वेगळं होतं. 'सज़ा नहीं' हे वाचून माझ्या आत कुठेतरी कोणीतरी सुटकेचा श्वास सोडला होता. दुरुस्ती करायची म्हणजे पुन्हा कॅमेऱ्यात बघून म्हणायचं, की जो आरसा मारून न थांबता जातो त्याला कडक शासन झालं पाहिजे. आणि मेधा टीव्ही बघत असणार.

नेताजी घरी आले, गुच्छ घेऊन. चौकात 'सड़क शिक्षा सप्ताह' करायचा होता, प्रेरणास्थान मी. मेधा म्हणाली, "मला यायचं नाही." तेवढंच. मी गेलो. शाल घेतली, नारळ घेतला, मांडवात बसलो. मांडव कुठे? ट्रॅकवरच, जागा तीच रिकामी केलेली. आता शिक्षण द्यायचं ते गाडीवाल्यांना, पण सिग्नल हिरवा झाला की गाडीवाले काचा वर करून निघून जायचे. शिट्टीला थांबणारे फक्त सायकलवाले. तेव्हा त्यांनाच रांगेत उभं केलं. माळी, चौकीदार, प्लंबर, कुणाच्या कॅरियरला शिडी, कुणाच्या हँडलला डबा. लाउडस्पीकरवरून त्यांना सांगितलं, ट्रॅकवरून चला. ते बिचारे ट्रॅक शोधायला इकडे तिकडे बघत होते. मग प्रत्येकाला कान पकडायला लावून शपथ दिली, की आम्ही दिव्याशिवाय निघणार नाही. दिवा कुणालाच दिला नाही. एकेक गुलाब दिला.

रांगेत महतोजी होते. रात्रपाळी करून आलेले, डोळे लाल, कान पकडलेले. मला बघून तशातही मान लववली त्यांनी. दुसऱ्या दिवशी फाटकाशी म्हणाले, "साहब, टीवी पर आपने बहुत अच्छा बोला।" मी त्यांच्या डब्याकडे बघत राहिलो. डब्याला एका बाजूने पोचा होता. दिल्लीतल्या कुठल्या डब्याला नसतो? मी विचारलं नाही. तीन वर्षं रोज बघतो, विचारत नाही. त्याऐवजी सांगतो, "महतोजी, बत्ती लगवा लो।" ते हसतात. "लगवा लेंगे, साहब।"

सईला आरसा मारून गेलेली गाडी सापडली नाही. पोलिसांच्या कागदावर 'अज्ञात वाहन' लिहिलं गेलं आणि मी खाली सही केली. त्या सकाळी दिल्लीच्या धुक्यात निदान दोन अज्ञात वाहनं होती. एक कुणाचं ते मला माहीत नाही. दुसऱ्याचा विमा दर मार्चमध्ये मीच भरतो. त्यानंतर कित्येक दिवस मी शहराचं पान वेगळ्याच भीतीने वाचत होतो. त्या तारखेला, त्या रस्त्यावर, कानटोपी घातलेला, वय अंदाजे. चार ओळी शोधत होतो आणि त्या सापडू नयेत म्हणून देवाला हात जोडत होतो. सापडल्या नाहीत. पण सगळ्यांच्या चार ओळी येतातच असं कुठे आहे?

प्लास्टर निघाल्यावर सईने पुन्हा सायकल पुसायला घेतली. मी विरोध केला, आवाज चढवला, मेट्रो पासाची लालूच दाखवली.

"बाबा, मी नाही गेले तर काय गाड्या स्लो होणार?"

"तू तरी वाचशील."

"आणि बाकीचे?"

ती सहज बोलली, पट्टा आवळता आवळता. मला मात्र ते 'बाकीचे' पाठीत लागलं. त्याच संध्याकाळी मेधाने दिव्याचं काम माझ्याकडे दिलं. "हे तुम्ही करायचं, रोज," म्हणाली. का, ते विचारायची मला हिंमत झाली नाही.

आज ठिपका उड्डाणपुलाखाली पोचला आणि थांबला.

मी मेधाकडे बघितलं नाही. ती माझ्या मागे उभी होती, तिचा हात सोफ्याच्या पाठीवर होता. आठ तेहतीस. आठ पस्तीस. बाहेर कुणीतरी गाडी सुरू केली. कुकरची शिट्टी झाली, आमच्याकडे की शेजारी कळलं नाही. मी मनातल्या मनात धुक्यात बघू पाहत होतो, प्रत्येक काचेमागे बाहीने वाफ पुसणारा एक बाप, एका हाताने हॉर्न, घाईत, अगदी योग्य कारणाने घाईत. आठ सदतीस. मला त्या सगळ्यांची भीती वाटत होती, आणि त्यांचे सगळ्यांचे चेहरे माझ्यासारखे होते.

मग ठिपक्याने उडी मारली, थेट लोधी रोडवर. मेलं नेटवर्कच अडकलं होतं. पाठोपाठ मेसेज: "पोचले. बाबा!! लाइट कुठेय???"

मी किती वेळ तो 'पोचले' वाचत होतो कोण जाणे. सहा वाजता ऑफिस सुटेल तेव्हा अंधार असेल, धुकं पुन्हा उतरलेलं असेल. मी ताडकन उठलो. महतोजी अजून पोचले नसतील, त्यांना वाटेत गाठून दिवा परत आणावा, नाहीतर करोल बागेपलीकडच्या सायकल बाजारातून नवा घेऊन सहाच्या आत सईच्या हातात द्यावा, असं भराभर बोलत मी चप्पल घातली, चष्मा शोधला, तो डोक्यावरच होता, आणि दाराजवळच्या खुंटीवरची गाडीची किल्ली घेतली.

तीन वर्षांत मेधाने त्या सकाळबद्दल एक अक्षर काढलेलं नाही. आजही काढलं नाही. ती दाराशी आली, माझ्या हातातली किल्ली घेतली, पुन्हा खुंटीवर अडकवली आणि म्हणाली, "महतोजींचा दिवा त्यांच्याकडेच राहू दे. तिच्यासाठी नवा आणा. आणि मेट्रोने जा."